जुन्या मोटरहोममधील विद्युत परिवर्तकाचे नूतनीकरण : एक तांत्रिक विवेचन

प्रास्ताविक

भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी इन्व्हर्टर आला आणि त्याच्याबरोबर पाणी घालावे लागणारी शिसे-आम्लाची बॅटरीही आली. या बॅटऱ्या अनेकदा अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होतात आणि दोष बहुधा बॅटरीच्या माथी मारला जातो. ती ज्या यंत्राने भारित केली जाते त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी आपल्यापासून दूरचा आहे. अमेरिकेत मोटरहोम, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणारे फिरते घर, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाहनांपैकी जुन्या वाहनांतील विद्युत परिवर्तक बदलणे, हा तो विषय होय. मात्र त्यामागील पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र आपल्या दिवाणखान्यातील बॅटरीला जसेच्या तसे लागू पडते.

अमेरिकेत मोटरहोम ही केवळ सुट्टीची चैन नाही. निवृत्तीनंतर किंवा घर परवडेनासे झाल्यावर अशा जुन्या वाहनातच कायमचा मुक्काम करणाऱ्यांचा एक मोठा वर्ग तेथे आहे. जेसिका ब्रूडर यांचे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक (२०१७) आणि त्यावर आधारित चित्रपट यांमुळे तो जगाला परिचित झाला. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट गावाभोवतालच्या सरकारी माळरानावर हिवाळ्यात अशी हजारो वाहने येऊन थांबतात. तेथे विजेची जोडणी नसते. दिवे, पाण्याचा पंप, गॅसगळती ओळखणारा संवेदक, गॅसवर चालणाऱ्या शीतकपाटाचे नियंत्रण मंडल आणि थंडीत गरम हवा फिरवणारा पंखा ही सर्व साधने १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. पहाटे बॅटरी बसली की भट्टीत गॅस असूनही घर गार पडते. वृद्ध रहिवाशांच्या बाबतीत ही गैरसोय गंभीर ठरू शकते.

परिवर्तक म्हणजे काय?

आपल्याकडील इन्व्हर्टरच्या एकाच पेटीत दोन कामे होतात : वीज असताना बॅटरी भारित करणे आणि वीज गेल्यावर बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणे. मोटरहोममधील ‘कन्व्हर्टर’ यांपैकी फक्त पहिले काम करतो. तळावरील खांबावरून किंवा जनित्रातून येणारा १२० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह तो सुमारे १३ ते १४ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात बदलतो. त्यावर वाहनातील १२ व्होल्टची साधने चालतात आणि घरगुती वापराची बॅटरी भारित होते. इंजिन सुरू करण्याची बॅटरी निराळी असते व ती बहुतेक जुन्या वाहनांत या परिवर्तकाशी जोडलेली नसते.

जुन्या परिवर्तकांपैकी पुष्कळसे फेरो-रेझोनंट रोहित्रावर आधारलेले आहेत. १९३८ मध्ये जोसेफ सोला यांनी शोधलेल्या या रोहित्रात गाभ्याची चुंबकीय संपृक्तता आणि धारित्राशी होणारा अनुनाद यांच्या योगे बाहेर पडणारे व्होल्टेज जवळजवळ स्थिर राहते. आत येणाऱ्या विजेत चढउतार झाला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. ही रचना दणकट आहे. ती वजनदार आहे, सतत गुणगुणते आणि भार नसतानाही तापते. पण तीस-तीस वर्षे बिनबोभाट चालते. काही जुन्या संचांत याहून वेगळी मांडणी आढळते. दिव्यांसाठी एक भाग आणि बॅटरीसाठी अवघ्या काही अँपिअरचा दुसरा भाग, अशी ती असते. तेथे दिव्यांकडे जाणारा प्रवाह पुरेसा गाळलेला नसल्याने नव्या इलेक्ट्रॉनिक साधनांना तो मानवत नाही.

या यंत्रांना टाकाऊ म्हणणे अन्यायाचे होईल. ती ज्या काळात बसविली गेली त्या काळी वाहनात चार दिवे, एक पंप आणि एक पंखा असे. वाहन रात्री बहुधा खांबाला जोडलेले असे. स्थिर व्होल्टेज हीच तेव्हाची गरज होती. आज तीच स्थिरता बॅटरीच्या मुळावर येते, आणि हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

एकच व्होल्टेज का चालत नाही?

गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केलेल्या शिसे-आम्ल घटात विसर्जनाच्या वेळी दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल पातळ होते. भारण करताना ही क्रिया उलट होते. सहा घटांची, म्हणजे १२ व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते व तिच्यातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२६५ च्या आसपास असते. निम्मी रिकामी झालेली बॅटरी १२.१ व्होल्टच्या आसपास येते.

आता असा एक परिवर्तक घेऊ, जो अहोरात्र १३.८ व्होल्ट देतो. बॅटरीत शिरणारा प्रवाह दोन व्होल्टेजांमधील फरकावर अवलंबून असतो. भारण चालू असताना बॅटरीचे स्वतःचे विरोधी व्होल्टेज वाढत जाते. ते १३.३ वर पोहोचले की फरक उरतो अवघा ०.५ व्होल्ट. परिवर्तक १४.४ व्होल्ट देत असता तर हाच फरक १.१ व्होल्ट, म्हणजे दुपटीहून अधिक राहिला असता. यावरून जुन्या परिवर्तकावर ‘४५ अँपिअर’ असे लिहिलेले असूनही तासाभरात प्रवाह का घसरतो, हे ध्यानात येईल. पाटीवरचा आकडा खोटा नसतो. तेवढा प्रवाह ढकलण्याइतका दाब मात्र शिल्लक राहत नाही. परिणामी बॅटरी दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या आसपास रेंगाळते आणि उरलेल्या सल्फेटचे मऊ स्फटिक हळूहळू मोठे व कठीण होतात. या सल्फेटीकरणाने घटलेली क्षमता सहसा परत मिळत नाही.

याच परिवर्तकाची दुसरी बाजू उन्हाळ्यात दिसते. वाहन महिनोन्‌महिने खांबाला जोडून उभे आहे, बॅटरी पूर्ण भरलेली आहे आणि तिला फक्त टिकवून धरायचे आहे. यासाठी २५ अंश सेल्सिअसला सुमारे १३.५ व्होल्ट पुरतात. तापमान एक अंशाने वाढले की हा आकडा सुमारे ३० मिलिव्होल्टने खाली आणावा लागतो. ४५ अंशांच्या कप्प्यात तो १२.९ वर येतो. तेथे १३.८ व्होल्ट देत राहणे म्हणजे मंद आचेवर पाणी आटवणे होय. पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन निघून जातात, पातळी पट्ट्यांच्या खाली उतरते आणि उघडा पडलेला भाग निकामी होतो. थोडक्यात, भुकेल्या बॅटरीला १३.८ व्होल्ट अपुरे पडतात आणि तृप्त बॅटरीला तेच जास्त होतात.

ॲरिझोनात आप्तांकडे राहत असताना प्रस्तुत लेखकाला असे एक वाहन जवळून पाहता आले. १९९४ सालचे मोटरहोम, त्यात राहणारे निवृत्त दाम्पत्य आणि पाच वर्षांत बदललेल्या बॅटऱ्यांच्या तीन जोड्या. प्रत्येक वेळी दुकानदाराने बॅटरी सदोष ठरवून नवी जोडी विकली. परिवर्तकाच्या अग्रांवर व्होल्टमापक लावून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. सकाळी, दुपारी व रात्री घेतलेली तीनही वाचने १३.८ आली.

नवा परिवर्तक काय वेगळे करतो?

नवे परिवर्तक स्विच-मोड पद्धतीचे असतात. आलेल्या प्रवाहाचे प्रथम एकदिशीकरण होते, मग अर्धवाहक स्विच तो अत्यंत उच्च वारंवारतेने खंडित करतात. त्यामुळे रोहित्राचा आकार लहान होतो, वजन काही किलोग्रॅमांवर येते आणि गुणगुण थांबते. तरी हे फायदे दुय्यम आहेत. खरे महत्त्व आहे ते व्होल्टेज परिस्थितीनुसार बदलण्याला. मिशिगन राज्यातील मार्शल येथील प्रोग्रेसिव्ह डायनॅमिक्स कंपनीच्या ‘चार्ज विझार्ड’ नियंत्रकाचे उदाहरण घेता येईल. रिकाम्या बॅटरीला तो १४.४ व्होल्ट देतो, सर्वसाधारण वापरात १३.६ वर येतो आणि सुमारे ३० तास विशेष वापर झाला नाही तर १३.२ वर उतरतो. या साठवणीच्या अवस्थेत तो दर २१ तासांनी सुमारे १५ मिनिटे पुन्हा १४.४ व्होल्ट देतो. स्थिर उभ्या बॅटरीत दाट आम्ल तळाशी बसते. थोड्या वेळाच्या बुडबुड्यांनी ते ढवळले जाते, हा त्यामागील हेतू.

नवा परिवर्तक मेलेल्या बॅटरीला जिवंत करतो, अशी एक समजूत विक्रेत्यांच्या बोलण्यातून पसरली आहे. नुकतेच जमू लागलेले सल्फेट योग्य भारणाने विरघळते, हे खरे. परंतु वर्षभर अर्धपोटी राहिलेली बॅटरी तशी उठत नाही. परिवर्तक बदलण्यापूर्वी विशिष्ट गुरुत्वमापकाने सहाही घट तपासावेत. त्यांच्यात लक्षणीय तफावत असेल तर आधी बॅटरीचाच खर्च धरावा लागेल.

किती अँपिअर?

खरेदीदाराचा कल साहजिकच मोठ्या आकड्याकडे असतो. येथे बॅटरीची क्षमता हा निकष धरणे इष्ट. द्रव आम्लाच्या बॅटरीला तिच्या अँपिअर-तास क्षमतेच्या साधारण दहा ते पंचवीस टक्के इतका प्रवाह मानवतो. गोल्फ-गाडीच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या असता साधारण २२० अँपिअर-तास मिळतात. त्यांना २२ ते ५५ अँपिअर पुरेत. ८० अँपिअरचा परिवर्तक घेतल्यास जादा पैशाच्या मोबदल्यात पदरात काही पडत नाही.

निम्म्या रिकाम्या झालेल्या या संचाला ११० अँपिअर-तास परत द्यायचे आहेत. जुन्या संचातील ५ अँपिअरच्या वेगळ्या भारकाने, क्षय न धरता, २२ तास लागतील. ५५ अँपिअरचा परिवर्तक पहिल्या तासाभरात बॅटरीला पाऊण पातळीच्या जवळ नेतो. मात्र त्यापुढे बॅटरीच प्रवाह घेईनाशी होते आणि शेवटचे पंधरा-वीस टक्के भरण्यास आणखी कित्येक तास जातात. ही मर्यादा रसायनाची आहे, कोणताही परिवर्तक ती ओलांडू शकत नाही. म्हणून खांबापासून दूर राहणाऱ्यांनी सकाळी जनित्र दीड-दोन तास चालवावे व उरलेले काम छतावरील सौर पट्टीवर सोपवावे, हे व्यवहार्य ठरते. अमेरिकेतील बऱ्याच तळांवर जनित्र ठराविक तासांतच चालवता येते, त्यामुळे हा हिशेब पुस्तकी राहत नाही.

जनित्राचाही विचार आवश्यक आहे. १४.४ व्होल्टला ५५ अँपिअर म्हणजे सुमारे ७९० वॅट. ८५ टक्के कार्यक्षमता आणि ०.७ शक्तिगुणक धरल्यास १२० व्होल्टच्या बाजूने सुमारे ११ अँपिअर, म्हणजे तेराशेहून अधिक व्होल्ट-अँपिअर लागतात. हजार वॅटचे छोटे जनित्र येथे धापा टाकते किंवा बंद पडते.

याउलट, काही वेळा मागणी कमी करणे अधिक स्वस्त पडते. जुन्या मोटरहोममधील ११४१ क्रमांकाचा तंतू-दिवा सुमारे १.४४ अँपिअर घेतो. असे सहा दिवे संध्याकाळी चार तास जाळले की ३४ ते ३५ अँपिअर-तास संपतात. त्याच जागी एलईडी दिवे लावल्यास हा खर्च पाच-सहा अँपिअर-तासांवर येतो. ज्यांचे बजेट तुटपुंजे आहे त्यांनी आधी दिवे बदलावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तारांचा प्रश्न

या विषयावरील माहितीत सर्वांत उपेक्षित भाग तारांचा आहे आणि अपघाताची शक्यताही येथेच सर्वाधिक. उपरोक्त वाहनात परिवर्तक मागील पलंगाखाली होता, तर बॅटऱ्या दाराच्या पायरीखाली. अंतर सुमारे ६ मीटर. जाणारी व परतणारी तार धरून १२ मीटर. तार अमेरिकन मापाच्या ८ क्रमांकाची, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर छेदाची. (या पद्धतीत क्रमांक जितका मोठा तितकी तार बारीक, हे आपल्याकडील वाचकाने ध्यानात ठेवावे.) अशा तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे २.०६ मिलिओहम असतो. १२ मीटरना तो २४.७ मिलिओहम होतो आणि ५५ अँपिअर प्रवाहाला १.३६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. परिवर्तकातून १४.४ व्होल्ट निघाले तरी बॅटरीच्या अग्रांवर पोहोचतात सुमारे १३.०. प्रवाह घटत जाईल तसा हा क्षयही कमी होतो, त्यामुळे बॅटरी अखेरीस भरते; परंतु नव्या यंत्राकडून अपेक्षिलेला वेग मिळत नाही.

याहून गंभीर बाब म्हणजे ही तार ५५ अँपिअर सतत वाहून नेण्यास असमर्थ आहे. तिच्यासाठी ४० अँपिअरचे फ्यूज बसविलेले असते आणि ते योग्यच आहे. नवा परिवर्तक जोडल्यावर ते फ्यूज उडते. मग मालक ६० अँपिअरचे फ्यूज घालतो आणि यंत्र ‘सुरळीत’ चालू लागते. त्या क्षणापासून लाकडी पट्ट्या व फोम यांमधून गेलेली तारच फ्यूजचे काम करू लागते. जुन्या वाहनांच्या भिंती कशाच्या बनलेल्या असतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला याहून अधिक सांगावे लागू नये.

यावर दोन उपाय आहेत. ४ क्रमांकाची तार टाकल्यास क्षय ०.५४ व्होल्टपर्यंत उतरतो आणि तार प्रवाहही सुरक्षितपणे पेलते. दुसरा उपाय अधिक सोयीचा : परिवर्तकच बॅटरीजवळ न्यावा आणि लांबी १२० व्होल्टच्या बाजूला वाढवावी. तेथे प्रवाह अवघा ११ अँपिअर असल्याने मोजमाप सोपे होते. मात्र परिवर्तक बॅटरीच्या कप्प्यात कदापि ठेवू नये. भारणाच्या वेळी हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. मधे भिंत असावी व बॅटरीच्या कप्प्याला बाहेर वायुवीजन असावे.

जोडणी करताना

काम सुरू करण्याआधी खांबाची तार काढावी, जनित्र थांबवावे, सौर पट्टी तोडावी व बॅटरीचे ऋण अग्र सोडवावे. चौघांपैकी एकही विसरल्यास मंडल जिवंत राहते.

भारतीय सवयीच्या माणसाने रंगांबाबत विशेष सावध राहावे. आपल्याकडील घरगुती जोडणीत काळी तार म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत १२० व्होल्टच्या बाजूला काळी तार जिवंत असते, पांढरी न्यूट्रल, तर हिरवी अथवा उघडी तांब्याची तार भूसंपर्काची. त्याच वाहनात १२ व्होल्टच्या बाजूला मात्र कित्येकदा काळी तार धन आणि पांढरी ऋण असते. मोटारगाडीच्या बॅटरीला काळी म्हणजे ऋण हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत! तेव्हा रंगावर विश्वास न ठेवता मापक लावून खात्री करावी. धन-ऋण उलटे जोडले गेल्यास नव्या परिवर्तकावरील संरक्षक फ्यूज तत्क्षणी उडतात. ‘नवे यंत्र पहिल्याच दिवशी बिघडले’ अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते. तसेच वाहनातील वितरण फलकात न्यूट्रल व भूसंपर्क एकत्र जोडू नयेत. ती जोडणी बाहेरील पुरवठ्याच्या ठिकाणी झालेली असते.

पुढेमागे लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी घेण्याचा विचार असेल तर परिवर्तक निवडतानाच तो ध्यानात घ्यावा. तिला साधारण १४.४ ते १४.६ व्होल्ट लागतात. तिचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने ती परिवर्तकाची संपूर्ण क्षमता दीर्घकाळ ओढत राहते, म्हणजे तारांचा वरील हिशेब अधिकच कडक होतो. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती भारित करू नये. इंजिनाच्या अल्टरनेटरवरही असाच ताण येतो व त्यासाठी स्वतंत्र नियंत्रक बसवावा लागतो.

जोडणी झाल्यावर पहिले वाचन परिवर्तकाच्या अग्रांवर आणि दुसरे बॅटरीच्या अग्रांवर घ्यावे. पूर्ण प्रवाह चालू असताना या दोन वाचनांतील फरक अर्ध्या व्होल्टहून फार अधिक असेल तर तार किंवा जोड तपासावा. तासाभराने प्रत्येक जोडाजवळ हात नेऊन पाहावा. गरम लागणारा जोड सैल असतो.

उपरोक्त वाहनात ५५ अँपिअरचा परिवर्तक पायरीलगतच्या, पण वेगळ्या कप्प्यात बसविला. १२ व्होल्टची तार आता दीड मीटरहून कमी आहे. पूर्ण प्रवाहाला परिवर्तकापाशी १४.४ आणि बॅटरीपाशी १४.२ असे वाचन आले. उन्हाळ्यात १३.२ व्होल्टही तेथील उष्णतेला किंचित जास्तच आहेत, कारण या यंत्राला तापमान कळत नाही. म्हणून पाणी अजूनही घालावे लागते. त्या दाम्पत्याने कप्प्याच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सहाही घटांचे विशिष्ट गुरुत्व आणि घातलेल्या शुद्ध पाण्याचे माप पेन्सिलीने नोंदलेले असते.